रांजणाखालची तार

मेहरूण, जळगाव
रविवार, ६ जून १९९९

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

इकडे माझी तब्येत बरी आहे. तुमच्या सगळ्यांच्या असतील असं धरून लिहिते.

दिवाळीनंतर इथलं काम उरकून तू निघालास, तेव्हा दारात थांबून विचारलं होतंस, "आठ बैल एके गाडीले जुपात. एक बैलनी कुचराई करी, तर चूक कोनी?" मी हसले आणि नंतर सांगते म्हणाले. सात महिने झाले, मला अजून सांगता येत नाही. दोन बैलांत कोण ओढत नाही ते गाडीवानाला कळतं. आठांत कसं कळणार, हे तुझं खरं आहे. ते कळावं म्हणून मी प्रोग्रॅममध्ये बऱ्याच खुणा घातल्या आहेत. तरी 'कोनी' हा शब्द उरतोच.

मशीन पुन्हा चालू झालं. दिवाळीनंतर आलास तेव्हा तू घाईत होतास, म्हणून ते काय करतं हे नीट सांगायचं राहिलं होतं. पांझरेचं खोरं आम्ही उगमापासून तापीपर्यंत आठ पट्ट्यांत कापलं आहे. एकेका कॉम्प्युटरला एकेक पट्टा. साक्री दुसऱ्या पट्ट्यात येते, धुळं पाचव्यात. प्रत्येक पेटी आपल्या पट्ट्यात भुईखाली किती पाणी आहे याचं गणित करते आणि मग शेजारणीला विचारते, तुझ्या बांधाला पातळी किती? शेजारणीने सांगितल्याशिवाय तिला पुढचा दिवस मांडता येत नाही. एक थांबली की आठही थांबतात. असे दहा वर्षांचे दिवस मोजायचे आहेत. एकटी पेटी हे करायला वर्ष लावेल, आठ मिळून दीड महिन्यात करतात. मोठ्या शहरात याला लागणारं मशीन परदेशातून येतं. आमच्या पेट्या ऑफिसात टायपिंगला असतात तसल्याच साध्या आहेत, फक्त एकमेकींशी तारेने बांधलेल्या. आमच्या विभागाचे प्रमुख भंगाळे सर म्हणतात, खानदेशात हे पहिलंच. ते ऐकलं की मला अजून अंगावर काटा येतो. आपल्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही आणि मी पांझरेच्या पोटातलं पाणी मोजते आहे.

तू पहिल्यांदा खोलीत आलास तेव्हा म्हणाला होतास, "आठ पेट्यासले तोंड एकच? आपला घरमा उलटं शे." आता कॉम्प्युटरचे पडदे दोन झाले आहेत, तेवढी सुधारणा.

उन्हाळा फार कडक गेला. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून आम्ही दिवसभर पाणी मारत होतो. माझी खोली इंदिराबाईंकडेच आहे. त्या पहाटे तलावाकडे फिरायला जातात आणि मलाही ओढून नेतात.

एप्रिलमध्ये जे झालं ते तुला कळलंच आहे. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आखाजीच्या सणाला तू मला घरी न्यायला आला नाहीस. पाच वर्षं होस्टेलवर यायचास, गेली दोन वर्षं इथे इंदिराबाईंच्या दारात. यंदा मी पिशवी भरून ठेवली होती. मग माईला फोनवर काम फार आहे म्हणून सांगितलं. काम होतंही.

माई, आबांना नमस्कार.

कु. कोकिळा सुकदेव बोरसे


मेहरूण, जळगाव
रविवार, २० जून १९९९

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

पत्राचं उत्तर आलं नाही. तुझं दुकान या दिवसांत पंपाच्या मोटारींनी भरलेलं असतं हे मला माहीत आहे. माईशी एस.टी.डी. बूथवरून बोलले. ती म्हणाली, "भाऊ तुना नाव काढस नही. काय व्हयनं?" मी म्हटलं, काही नाही. मागे लोक उभे होते.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. ती तुझ्या कामाची आहे म्हणून लिहिते.

काम संपल्यावर तू तुझा टेस्टचा बल्ब माझ्याकडे ठेवून गेला होतास. काळा होल्डर, दोन वायरी, शंभरचा दिवा. "एक वायर फेजले, एक अर्थले. दिवा पुरा लागना का समज, जमीन जागी शे," असं सांगून तू मला दोनदा करून दाखवलं होतंस. पुढे माझ्या ते लक्षातच राहिलं नाही. मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, कपाट आवरताना तो हाती लागला. दुपारी सर जेवायला गेले होते. मी बल्ब लावून पाहिला. दिवा लागला, पण फक्त तार लाल झाली. विझत आलेल्या निखाऱ्यासारखी.

मग मी नरसाळ्यातून तू केलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं. सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन. सुमनबाई (आमच्या विभागात पाणी भरतात, झाडलोट करतात, तू त्यांना ओळखतोस) बादली आणून देत होत्या आणि काही विचारत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दिवा पिवळा झाला. चौथ्या दिवशी बघवेना इतका पांढरा. सुमनबाई म्हणाल्या, "लागला की हो. तहानलेला होता बिचारा."

म्हणजे खड्डा चांगला आहे. पाटी चांगली आहे. कोळसा, मीठ, तू घातलंस तसंच आहे. फक्त कोरडा पडला होता.

पेट्यांना हात लावला की मार्चपासून बोटांना मुंग्या येत होत्या. आम्ही पायात रबरी चपला घालून काम करायचो आणि हसायचो. कोणाला काही सुचलं नाही.

आता पाऊस सुरू आहे. जमीन ओली आहे, बल्ब रोज पांढरा लागतो. कोणी आज येऊन तपासलं तर काहीच सापडणार नाही.

पाण्याचा रांजण सध्या जिन्याखाली असतो. विद्यार्थी तिथेच पाणी पितात.

एवढंच. दुकानात वायरिंग करताना जपून. माईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

कोकिळा


मेहरूण, जळगाव
रविवार, ४ जुलै १९९९

भाऊ,

आज सा. न. वि. वि. लिहीत नाही. ते लिहिलं की पुढचं सगळं अर्जासारखं होतं.

रांजण मी हलवला.

तू खड्डा खणलास, नऊ फूट. तांब्याची पाटी, कोळशाचा थर, खडेमिठाचा थर, वर नळी आणि नरसाळं. सगळे पाहायला जमले होते. उन्हाळ्यात याला रोज पाणी लागेल हे तू सांगितलंस तेव्हा सर म्हणाले, शिपायाला सांगून ठेवू. तू मान हलवलीस. मग मला बाजूला घेऊन म्हणालास, "माणूस खड्डाले याद करीसन पाणी टाकस नही. सोता पेवाले मात्र येस." आणि तू व्हरांड्यातला पिण्याच्या पाण्याचा रांजण उचलून खड्ड्याजवळ आणलास, खाली विटांचा ओटा केलास, अर्धी कापलेली पाईप टाकलीस. पेल्यातलं उरलेलं, ओंजळीतून सांडलेलं, रांजणातून झिरपलेलं सगळं पाणी नरसाळ्यात जात होतं. कोणाला काही लक्षात ठेवायला लागत नव्हतं. पोरं पाणी पीत होती आणि मशीन सुखरूप होतं. इतकं साधं आणि इतकं हुशारीचं काम मी एम.एस्सी.च्या दोन वर्षांत पाहिलं नाही. हे मी तेव्हा तुला सांगायला हवं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी दिल्लीहून समिती येणार होती. त्यांच्या शब्दावर पुढची दोन वर्षं अवलंबून होती. आठवडाभर आधी पुण्याचे एक पाहुणे येऊन गेले. दारात रांजण, भोवती चिखल, साखळीला बांधलेला पेला. ते हसून म्हणाले, "कॉम्प्युटर सेंटर आहे की पाणपोई?" सरही हसले. मला मात्र कानापर्यंत तापल्यासारखं झालं. २५ तारखेला मी सुमनबाईंना सांगितलं, रांजण जिन्याखाली न्या, ओटा काढा, जागा धुऊन घ्या. त्या म्हणाल्या, "ताई, त्या दादांनी तर इथंच ठेवा म्हणून सांगितलं होतं." मी म्हटलं, दोन दिवसांसाठी.

समिती आली, खूश होऊन गेली. व्हरांडा स्वच्छ दिसत होता. तो तसाच बरा वाटला म्हणून मी दोन दिवसांनी रांजण परत आणला नाही. मार्च कोरडा गेला, खड्डाही. ९ एप्रिलला दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आली. झटका कोरड्या जमिनीत उतरला नाही, पहिली पेटी डिस्कसकट जळाली. तीन पेट्यांची नेटवर्कची कार्डं गेली. तेवीस दिवसांचं गणित त्या डिस्कवर होतं.

खरं कारण त्याच दुपारी माझ्या मनात आलं होतं. नक्की माहीत नव्हतं. पण जिन्याखालून जाताना मी रांजणाकडे पाहिलं नाही. खरंच माहीत नसतं तर पाहिलं असतं.

सरांनी अहवाल सांगितला, मी टाईप केला. चौथा मुद्दा होता, 'स्थानिक, विनापरवाना व्यक्तीकडून करून घेतलेलं सदोष अर्थिंग.' माझी बोटं थांबली. सर म्हणाले, "काय झालं? शुद्धलेखन?" मी म्हटलं, नाही सर. आणि 'सदोष' लिहिलं. खाली त्यांची सही, शेजारी माझी. त्याची एक प्रत धुळ्याच्या कॉलेजला गेली, कारण त्यांच्या नव्या प्रयोगशाळेचं अर्थिंग तू करणार होतास. तिथल्या कारकुनाने तो मुद्दा तुला वाचून दाखवला हे मला नंतर कळलं. काम काढून घेतलं हेही. खालची माझी सही तू पाहिली असशील. आखाजीला तू का आला नाहीस ते मला हे कळलं त्याच दिवशी समजलं.

पण मला वाटतं तू त्याच्याही आधी मनातून उतरवलं होतंस मला. तेही लिहिते.

तू खड्ड्यात उतरला होतास. कमरेपर्यंत माती, डोक्याला पंचा. सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "हे बोरसे आणि तुम्ही बोरसे. नात्यातले का?" मी म्हटलं, "नाही सर. आमच्याकडे अर्धं गाव बोरसे." तुझी कुदळ एकदा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी तू मला "कोकी" म्हणाला नाहीस. "बाई, काम झालं, पाहून घ्या," म्हणालास. सगळ्यांना वाटलं गावचा वायरमन मॅडमशी अदबीने बोलतोय. मी पण तसंच वागले.

मी मनाशी म्हणत होते, भावाला काम दिलं असं बोलतील, म्हणून लपवलं. ते कारण खरं असतं तर आधी सरांना सांगून तुला बोलावलं असतं. खरं असं आहे की तिथे सगळ्यांचे भाऊ इंजिनीअर आहेत, डॉक्टर आहेत, आणि माझा मातीत उभा होता. मला पहिली ग्रॅज्युएट म्हणवून घ्यायचं होतं, पण कोणाच्या घरातली, ते सांगायचं नव्हतं. दहावीला तुला सत्तर टक्के होते. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायला तू बसलास म्हणून मी धुळ्याला बी.एस्सी.ला जाऊ शकले. हे मी इथे कोणालाच सांगितलेलं नाही.

सुमनबाईंना सगळं माहीत होतं. अहवाल झाला तरी त्या कोणाला बोलल्या नाहीत. मागच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, तुम्ही गप्प का राहिलात? त्या फडकं पिळत म्हणाल्या, "सांगायचं ते तुम्ही सांगाल म्हटलं. मी कशाला मधे?" त्यांनी मला एप्रिलपासून वेळ दिला होता.

पाऊस पडल्यावर कोणीच काही विचारत नव्हतं. नवी कार्डं आली होती, गणित नव्याने सुरू झालं होतं. मी गप्प राहिले असते तर काहीही झालं नसतं. हेच मला जास्त बोचत होतं.

या गुरुवारी, १ जुलैला, मी सरांच्या टेबलावर कागद ठेवला. टाईप केला नाही, हाताने लिहिला. त्यात लिहिलं आहे की १२ एप्रिलच्या अहवालातला चौथा मुद्दा चूक आहे, अर्थिंगचं काम उत्तम होतं आणि आहे. खड्ड्याला पाणी पोचवणारा रांजण मी २५ फेब्रुवारीला हलवायला लावला आणि परत ठेवला नाही. सही करताना मला ही शंका होती आणि मी ती बोलले नाही. मेमधल्या चार दिवसांच्या बल्बच्या नोंदी तारखांसह जोडल्या आहेत. शेवटचं वाक्य असं आहे: 'सदर काम करणारे श्री. गिरधर सुकदेव बोरसे, साक्री, हे माझे सख्खे थोरले भाऊ असून ही गोष्ट मला विचारली असता मी नाकारली होती.'

सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून ठेवला.

"बोरसे, पाऊस पडला, प्रश्न मिटला होता."

"हो सर."

"हे आता दिल्लीला पाठवावं लागेल. तुमची मुदतवाढ तिथेच आहे. ते काय म्हणतील मी सांगू शकत नाही."

"पाठवा सर."

त्यांनी कागद फाईलमध्ये लावला. मग म्हणाले, "तुमचा भाऊ होता तर मला सांगायचं ना. मी त्यांना चहा बाहेर पाठवला, खड्ड्यापाशी." त्यांचा आवाज माझ्यावर रागावल्यासारखा नव्हता. मला तो सोसवला नाही. मी उठून आले.

काल शनिवारी मी रजा काढून धुळ्याला गेले. कॉलेजच्या प्राचार्यांना प्रत हातात दिली आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. ते म्हणाले, साक्रीच्या बोरशांना निरोप पाठवतो. पाठवतील का मला माहीत नाही. पाठवला तर जा किंवा जाऊ नको, ते तुझं तू ठरव. मी त्यांना एवढंच म्हटलं की काम देणार असाल तर बोलावताना नावाने बोलवा.

स्टँडवर साक्रीची गाडी लागली होती. खिडकीपाशी जागा होती. मी पाच मिनिटं तिच्यासमोर उभी राहिले. मग जळगावच्या गाडीत बसले. तोंडाने सांगितलं असतं तर माईसमोर तू मला लगेच माफ केलं असतंस, मला तू माहीत आहेस. ते असं घाईघाईत नको होतं. तू आधी हे सगळं वाच. दुकानात बसून वाच, एकट्याने.

आज सुट्टी असूनही सकाळी सुमनबाई आल्या आणि आम्ही रांजण परत आणला. ओट्याच्या विटा मी रचल्या, एक ओळ वाकडी झाली आहे. पाईप तुझीच, जिन्यामागे पडली होती. पावसाळ्यात त्याची गरज नाही, पण मार्चपर्यंत मी इथे असेन का ते ठाऊक नाही, आणि दुसऱ्या कोणी लक्षात ठेवावं लागू नये असंच तू ते केलं होतंस. मशीनच्या पाळीवर आलेली नवी पोरं विचारत होती, रांजण इथे का आणला? मी सांगितलं, माझ्या भावाने ही जागा ठरवली आहे.

सहावी पेटी सध्या जरा मागे पडते. बाकीच्या सात तिच्यासाठी थांबतात. मी तिच्यावर लक्ष ठेवून आहे.

कागदाची शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. ती तुझी आहे. पाहिजे तर दुकानात ठेव, नको तर ठेवू नको.

तुझी सख्खी बहीण,
कोकी